कुसाबाईच्या मुंग्या

तिसरं मंगलाष्टक चालू असताना नवरदेव नाचायला लागला. नाचायचं ते वरातीत, आणि वरात तर केव्हाच संपली होती. हा बाबा अंतरपाटामागे हातात हार घेऊन पाटावर उभा, आणि अचानक एक पाय वर, मग दुसरा, मग दोन्ही एकदम. आधी मंडळी हसली. कुणीतरी शिट्टीही मारली. गुरुजींनी मुहूर्त चुकू नये म्हणून आवाज चढवला. मग नवरदेवाने हार मामाच्या अंगावर फेकला, पाटावरच बसकण मारली आणि भरल्या मांडवात चुडीदार गुडघ्यापर्यंत वर ओढला. पायभर लाल मुंग्या होत्या.

मी ऑफिसच्या दारातून बघत होते, पण माझं लक्ष नवरदेवाकडे नव्हतं. लॉनच्या कडेला पाण्याचा पाईप धरून कुसाबाई उभी होती. तिने तोंडाला पदर लावला होता. लोकांना वाटलं असेल, बाई हसतेय.

मी मोहिनी. पेठ रोडला शहर संपता संपता जे लॉन्स लागतं, तिथे बुकिंग घेते. नाशिकमध्ये लॉन्स म्हणजे लग्नाचं कार्यालय. पार्टी येते ती स्टेज बघते, पार्किंग बघते, कॅटरर बाहेरचा चालेल का विचारते, भाव पाडून मागते. पायाखालच्या गवताकडे कुणी बघत नाही. ज्या गवतावरून या धंद्याला नाव पडलं, ते कोण सांभाळतं, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकाही वधुपित्याने विचारलेला नाही.

ते सांभाळायची कुसाबाई. पेठच्याही पुढच्या डोंगरातली, भात आणि नागली पिकवणाऱ्या घरातली. भात निघालं की गावात काम नाही, म्हणून दर वर्षी ती आणि तिचा नवरा सावळीराम नाशिककडे यायचे, कधी द्राक्षाच्या बागेत, कधी बिल्डिंगच्या कामावर. एका पावसाळ्यात सावळीराम काविळीने गेला. दिराने ‘बाईमाणसाला वावर कशाला’ म्हणून वावर आपल्याकडे ठेवलं आणि कुसाबाई कडेवरच्या लेकीला, पूजाला, घेऊन एकटीच नाशिकला आली.

त्याच सुमाराला आमच्या धनराजशेठनी लॉन्स काढायला घेतलं होतं. मूळचे विंचूरकडचे, कांद्याच्या व्यापारातले. गवताची रोपं पोत्यांनी आली होती आणि मजूर ती जमेल तशी मातीत खुपसत होते. कुसाबाईने लुगडं वर खोचलं, चिखल केला आणि भाताची आवणी करतात तशी, वीतभर अंतर ठेवून, मागे मागे सरकत गवत लावायला सुरुवात केली. शेठ बघत राहिले. काम संपल्यावर त्यांनी बाकीच्यांचा हिशेब केला आणि हिला ठेवून घेतलं. मागे पाण्याच्या टाकीजवळची खोली दिली. शेठनी त्या दिवशी माणूस बरोबर ओळखलं होतं, हे मी मान्य करते. पुढचं जे सांगणार आहे त्यात त्यांच्याबद्दल चांगलं बोलायला मला फारशी जागा नाही, म्हणून हे आधी सांगून टाकलं.

नवरदेवाच्या त्या तमाशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले ते गाडीतून उतरायच्या आधीच बोलत होते. रात्रीतून व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. समोरच्या रस्त्याला दोन नवी लॉन्स उघडली आहेत, दोन्हीकडे प्लास्टिकचं गवत, ना पाणी, ना मुंगी. त्यातल्या एकाच्या मालकाने शेठना तो व्हिडिओ पाठवून खाली हसरे चेहरे टाकले होते.

“कुसाबाई, इकडे ये,” शेठ म्हणाले. “वैशाखात माझ्या पल्लवीचं लग्न आहे. याच लॉनवर. त्या दिवशी जर एकाही पाहुण्याला मुंगी चावली, तर दुसऱ्या दिवशी हे सगळं उपटून प्लास्टिकचं टाकतो. मग मला माळीण लागत नाही, अन् ती मागची खोली जनरेटरला पाहिजेच आहे. एक तर मुंग्या राहतील, नाहीतर तू.”

कुसाबाई म्हणाली, “व्हय शेठ.”

बस, एवढंच. तिच्या जागी मी असते तर चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण मला पंचवटीत स्वतःचं घर आहे, आणि तिच्याकडे ती खोली सोडून काही नव्हतं. पूजा अकरावी सायन्सला होती, बारावीनंतर नर्सिंगला जायचं तिने ठरवलं होतं, शिकवण्या न लावता वर्गात पहिल्या पाचांत होती. खोली गेली की पोरीला गावी न्यायचं, आणि गावी चुलत्याने एक स्थळ हेरूनच ठेवलं होतं. पोरगा गुजरातेत आंब्याच्या पेट्या भरायला जातो म्हणे. दिराचा फोन महिन्यातून एकदा यायचा, आणि तो आला की कुसाबाई दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

मुंग्यांवर उपाय सांगायला मात्र सगळं गाव पुढे. मंडपवाल्याने सांगितलं हळद. कॅटररने सांगितलं हिंगाचं पाणी. फुलवाल्याने चुना, इलेक्ट्रिशियनने कपड्याची पावडर, आणि मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आमच्या गुरुजींनी सांगितलं, “जीव आहे तो, मारू नका. विनंती करून बघा.” मला हसू आलं. कुसाबाईला नाही आलं. दुसऱ्या दिवशी मी सकाळी लवकर आले, तर ती लॉनच्या मधोमध उकिडवी बसून हात जोडून जमिनीशी बोलत होती. “बायांनो, तिकडं नाल्याकडं जा. तिकडं लय जागा हाय. माज्या पोरीसाठी जा.” मी गुपचूप ऑफिसात शिरले आणि उगीचच खुर्च्या पुसत बसले.

हळदीने गवत पिवळं झालं. हिंगाने दोन दिवस लॉनला वरणाच्या फोडणीचा वास सुटला. मुंग्या जिथल्या तिथे. मग ती कृषी सेवा केंद्रातून औषध घेऊन आली, कांद्यावर मारतात ते, आणि पाठीवर पंप घेऊन भर उन्हात लॉनभर फिरली. तोंडाला फक्त ओढणी बांधलेली. पूजाने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. मुंग्या खरंच गेल्या. कुसाबाईने मला पहिल्यांदाच आपणहून चहा पाजला, स्वतः विकत आणलेल्या दुधाचा. आणि तीन-चार लग्नं बरी गेल्यावर पुन्हा मुंग्या स्टेजच्या डाव्या अंगाला वर आल्या, आधीच्यापेक्षा जास्त, आणि आता त्यांना राग आल्यासारख्या चावत होत्या. एका आजीबाईंच्या पायाला फोड आले, त्यांच्या मुलाने माझ्या टेबलावर हात आपटला. शेठनी वासावरूनही शिव्या घातल्या. औषध बंद.

मग तिने कॅटररच्या भट्टीवर पाणी उकळलं. पातेलंच्या पातेलं वारुळात ओतलं. मुंग्या मेल्या, हजारोंनी मेल्या, आणि त्यांच्याबरोबर गवतही मेलं. हिरव्या लॉनवर भाजल्यासारखे तपकिरी गोल पडले. एकदा पातेलं कलंडून तिचा पाय पोळला. मी मलम आणून दिलं, तर ते हातात धरून ती त्या गोलांकडेच बघत राहिली.

“ताई, हे मी लावलं व्हतं ना,” ती म्हणाली. “आता मीच जाळायलीय.”

“पायाला लावा आधी ते.”

“मला जमिनीखालचं दिसत नाय, ताई. दिसलं असतं तर एकेकीला उचलून न्येलं असतं.”

असं बोलणारी बाई नव्हती हो ती. तिचं बोलणं म्हणजे ‘पाणी सोडलं’, ‘मशीन बिघडलं’, ‘पूजाला ताप हाय’. त्या महिन्यात मात्र ती सुकत गेली. जेवण गेलं. पूजावर विनाकारण खेकसायची. पोरीची परीक्षा चालू, आणि आई चालता चालता मध्येच थांबून खाली वाकून बघतेय, खोलीतल्या फरशीवरसुद्धा. शेठची गाडी गेटात शिरली की ती टाकीमागे जायची. मी तिला समजवायची, होईल काहीतरी. माझ्याच कानाला ते खोटं वाटायचं.

शेवटी पूजाने मोबाईलवर शोधून काढलं. बोरिक पावडर आणि पिठीसाखर. कॅरमवर टाकतात तीच पावडर. मुंगी ते खाते, वारुळात नेते, राणीला भरवते, आणि हळूहळू सगळं वारूळच संपतं. कामाला वेळ लागतो, पण गवताला धक्का नाही. लग्नानंतर पाण्याच्या बाटल्यांच्या झाकणांचा आमच्याकडे ढीग पडतो. कुसाबाईने ती झाकणं धुतली, त्यांत मिश्रण भरलं आणि लॉनच्या कडेकडेने मांडली. मी आणि पूजा बाजूला उभ्या. मुंग्यांची रांग आली, झाकणाजवळ थांबली, एकदोघींनी तोंड लावलं आणि रांग वळसा घालून पुढे निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. साखरेला मुंगी नाही म्हणते, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

“पोट भरलंय त्यांचं,” मी वैतागून म्हणाले. “कुठेतरी मेजवानी चालू असणार.”

हे मी नुसतं चिडून बोलले होते. पण कुसाबाई उठली आणि रांगेच्या कडेने चालायला लागली. रांग स्टेजला वळसा घालून मागच्या मेंदीच्या कुंपणाकडे गेली आणि बुडाशी शिरली. तिने तिथे कुदळ मारली. पहिल्या घावाला माती आली. पुढच्या घावाला मातीतून तांदूळ आला. लाल तांदूळ, पिवळा तांदूळ, अर्धा कुजलेला, अर्धा कोरडा, मुठीच्या मुठी. त्यावर मुंग्या इतक्या होत्या की तांदूळच चालतोय असं वाटलं.

अक्षता होत्या त्या.

मला कळायला थोडा वेळ लागला. कुसाबाईला लगेच कळलं, कारण त्या तिनेच तिथे ठेवल्या होत्या.

तिच्या गावाकडे भात झोडताना खळ्यात कुणी चप्पल घालून जात नाही. सांडलेला दाणासुद्धा वेचून घेतात, पायाखाली येऊ देत नाहीत. आणि इथे लग्नामागून लग्न, प्रत्येक लग्नात पोत्याने अक्षता उधळलेल्या, वर त्यांवर बूट, सँडल, व्हिडिओवाल्याच्या ट्रॉलीची चाकं. ते तिला बघवायचं नाही. म्हणून प्रत्येक लग्न उरकलं की ती चपला काढून कार्पेट झाडायची, स्टेज झाडायची आणि सगळ्या अक्षता मेंदीच्या बुडाशी नेऊन मातीआड ठेवायची. इतर सगळा कचरा घंटागाडीत जायचा, पण तांदूळ नाही. घंटागाडीत तांदूळ टाकायचा ही कल्पनाच तिला झेपत नव्हती. मी तिला हे करताना कितीदा तरी पाहिलं होतं. मला वाटायचं, मेंदीला खत घालते.

ती खड्ड्याच्या कडेला मटकन बसली. हातावर मुंग्या चढत होत्या, तरी हलली नाही.

“मीच पोसल्या, ताई,” ती म्हणाली. “इतकी वर्सं. वरून येवढं इख टाकलं, अन् खालून मीच जेवू घातलं.”

पूजाने तिला ओढून उठवलं, नळाखाली हात धरले. पोरगी रडत होती. कुसाबाई रडली नाही. तिने दुपारभर तो खड्डा उपसला, तांदूळ आणि माती पोत्यात भरली, आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली तेव्हा ती पोती आत लोटायच्या आधी गाडीला नमस्कार केला. गाडीवरचा माणूस माझ्याकडे बघून हसला. मी त्याच्याकडे असं रोखून बघितलं की त्याने गाडी पुढे घेतली.

आता उपाय कळला होता. अक्षता जमिनीवर राहू द्यायच्या नाहीत, मुंग्यांना उपाशी ठेवायचं, मग त्या झाकणांकडे वळतील. ऐकायला सोपं. पण तो लग्नाचा कडक हंगाम होता, तिथींवर तिथी, पल्लवीचं लग्न तोंडावर आणि रोज लॉनवर नव्या अक्षता. मी बुकिंग झालेल्या पार्ट्यांना फोन लावले. गोड आवाजात म्हटलं, अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या टाकल्या तर? हल्ली बरेच जण टाकतात, तांदूळही वाया जात नाही. एका वधूच्या आईने मला शांतपणे विचारलं, “ताई, तुमच्या लॉनवरच्या मुंग्यांसाठी माझ्या मुलीने बिनअक्षतांचं लग्न लावायचं का?” मी सॉरी म्हणून फोन ठेवला. मीही माझ्या भाचीच्या लग्नात अक्षता टाकल्याच होत्या.

मग कुसाबाईने वेचायला सुरुवात केली.

झाडू गवतातून दाणा काढत नाही. हातानेच वेचावा लागतो. मंगलाष्टकं संपून मंडळी जेवणाकडे वळली की ती एक परात घेऊन गुडघ्यांवर बसायची आणि स्टेजपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत दाणा न् दाणा उचलायची. वैशाखातली भर दुपार. डोक्यावर ओला पंचा. बाजूला डीजे, फोटो, आइस्क्रीमची रांग. “मावशी, फ्रेममधून बाजूला व्हा,” असं फोटोग्राफर ओरडला की ती रांगत बाजूला व्हायची आणि फोटो झाला की परत त्याच जागी यायची. पोळलेला पाय अजून बरा झाला नव्हता.

एकदा शालू नेसलेली एक बाई तिच्याजवळ थांबली. बाई स्वभावाने चांगली असावी. ती म्हणाली, “अगं, हे मातीतलं कशाला वेचतेस? भूक लागली असेल तर जा ना तिकडे, माझं नाव सांग, कुणी अडवणार नाही.” आणि तिने पर्समधून एक नोट काढून परातीत ठेवली.

कुसाबाईने ती नोट उचलून बाईच्या हातात परत दिली. “पोट भरलंय, बाई. हे माजं काम हाय.”

बाईला पटलं नाही. जाताना तिने बरोबरच्यांना सांगितलं की बघा, गरिबांनाही किती स्वाभिमान असतो. मला त्या क्षणी आख्ख्या लग्नावर पाण्याचा पाईप सोडावासा वाटला.

संध्याकाळचं लग्न असलं की तिला अंधारायच्या आत उरकत नसे, म्हणून मीही पदर खोचून तिच्याबरोबर खाली बसले. परीक्षा संपून सुट्टी लागलेली पूजाही. गवतात बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ते किती दाट आहे, आणि त्यात एक तांदूळ शोधायचा म्हणजे काय. माझी कंबर धरली, बोटांना मुंग्या डसल्या, मी मोठमोठ्याने शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुसाबाई एकदाच म्हणाली, “ताई, उगा तोंड खराब करू नका. शेठनं ठेवली म्हणून तर इथं हाय मी.”

आणि मुंग्या झाकणांकडे वळल्या. आधी थोड्या, मग रांगाच्या रांगा. झाकणं रिकामी व्हायला लागली, ती पुन्हा भरायला लागली. मग हळूहळू रांगा पातळ झाल्या. एका सकाळी कुसाबाई लॉनवर अनवाणी, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. मी ऑफिसच्या पायरीवर उभी. तिने मला तळपाय वर करून दाखवला. एकही डंख नव्हता. मी टाळी वाजवली, खरंच वाजवली. ती मात्र त्या मोकळ्या जमिनीकडे बघत म्हणाली, “समद्या गेल्या, ताई. पोरंबाळं सुदिक.”

“मग? तेच तर पाहिजे होतं ना?”

“व्हय. पायजे व्हतं.”

पल्लवीचं लग्न झोकात झालं. शेठनी हात सैल सोडला होता. कुसाबाईला आणि पूजाला नव्या साड्या आल्या, शेठच्या बायकोने ताकीद दिली की आज कामाला हात लावायचा नाही, पाहुणीसारखं बसायचं. कुसाबाई तिसऱ्या ओळीत खुर्चीवर बसली. पल्लवीला तिने परकरी वयापासून वाढताना पाहिलं होतं, त्यामुळे तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण मंगलाष्टकं चालू होती तेव्हा तिची नजर स्टेजवर नव्हती. ती लोकांच्या पायांकडे बघत होती. कुणी पाय हलवला की ती खुर्चीवर पुढे सरकायची. कुणी हलवला नाही तरी तिची मूठ सुटली नाही. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, हार घातले गेले, पाहुणे जेवून गेले, वऱ्हाड गाडीत बसलं. आख्ख्या लग्नात कुणालाही एकही मुंगी चावली नाही.

गेटाबाहेर गाडी वळल्यावर कुसाबाईने माझा हात धरला. इतकी वर्षं एकत्र काम करतोय, तिने कधी माझा हात धरला नव्हता. तेवढ्यात मोबाईलवर दिराचा फोन आला, तो पूजाने तिथेच कापला आणि दोघी हसल्या. मीही हसले. त्या दिवशी आम्ही तिघींनी मोतीचूर खाल्ला, पोटभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडलं तेव्हा कुसाबाई जुनं लुगडं नेसून, परात घेऊन अक्षता वेचत होती. मला फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता.

“ताई, रोल घेऊन आलोय,” पलीकडचा माणूस म्हणाला. “पेठ रोडला पोचलोय. मोठा ट्रक आहे, मागच्या गेटनं येऊ का पुढच्या?”

“कसले रोल?”

“गवताचे. प्लास्टिकच्या. धनराजशेठनी सांगितलं, लग्न झालं की सकाळीच उतरवा.”

मी शेठना फोन केला. त्यांनी उचलला नाही, पण थोड्या वेळाने स्वतःच आले. डोळे रात्रीच्या जागरणाने लाल, पोरीला सासरी पाठवून आलेला बाप. मला दया यायला हवी होती. आली नाही.

“शेठ, मुंग्या गेल्या,” मी म्हणाले. “एकही चावली नाही. तुमचा शब्द होता.”

“अहो मोहिनीताई, ती ऑर्डर मी त्या नवरदेवाच्या भानगडीनंतर त्याच आठवड्यात दिली होती. ॲडव्हान्स गेला होता. समोरची दोन्ही लॉन्स बघा, पाण्याचा टँकर नाही, कटिंग नाही. किती दिवस मी हे ओढू?”

“मग तिला सांगायचं ना तेव्हाच.”

“सांगितलं असतं तर पल्लवीच्या लग्नापर्यंत तिनं जीव लावून लॉन सांभाळलं असतं का?” ते म्हणाले. अगदी सरळ म्हणाले.

आमच्या मागे कुसाबाई येऊन उभी राहिली होती. हातात परात, परातीत काल रात्रीच्या अक्षता. किती ऐकलं कुणास ठाऊक. सगळंच ऐकलं असणार.

शेठनी तिच्याकडे न बघता सांगितलं, “कुसाबाई, घाई नाही. महिनाभर राहा खोलीत. मी कुठे काम बघतो तुझ्यासाठी. कारखान्यात वगैरे.”

“पूजा माझ्याकडे राहील,” मी मध्येच कुसाबाईला म्हणाले. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं, पण निघालं ते खरं होतं. “बारावी होईपर्यंत. पुढचंही बघू. तुम्ही तिला गावी न्यायची नाही.”

कुसाबाईने मान हलवली. माझं बोलणं तिला पोचलं होतं, ते मला दिसलं. पण ती बोलली शेठशी, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं.

“गवत काढायचंच व्हतं, शेठ, तर मुंग्या कशाला मारून घेतल्या माज्याकडनं?”

शेठनी खिसे चाचपले, किल्ली काढली. ट्रकवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, आणि ते त्याला गेट उघडून द्यायला गेले.